मिथिलीन ब्ल्यू : थोडे म्हणजे किती?

शाळेच्या प्रयोगशाळेतील फडताळात एक लहानशी गडद बाटली असते. तिच्यावर ‘मिथिलीन ब्ल्यू’ अशी चिठ्ठी चिकटविलेली असते. गालाच्या आतील बाजूच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्याव्यात, त्यांवर या द्रवाचा एक थेंब सोडावा, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे केंद्रक कसे निळेशार उठून दिसते! ज्याने हा प्रयोग केला असेल त्याची बोटे पुढे दोन दिवस निळी राहिली असतील, आणि सदऱ्यावरचा डाग तर आईने कितीही घासला तरी गेला नसेल.

हाच रंग हल्ली काही लोक कॅप्सूलमध्ये भरून घेऊ लागले आहेत, आणि तेही बुद्धी तल्लख राहावी, स्मरण पक्के व्हावे म्हणून. अमेरिकेत काही डॉक्टर तशी चिठ्ठी लिहून देतात, आणि त्या चिठ्ठीबरहुकूम औषधे तयार करून देणारे औषधनिर्माते कमी मात्रेच्या कॅप्सूल बनवितात. ही वार्ता मोबाइलवरून आपल्याकडेही येऊन पोहोचली आहे. माझ्या बारावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर थांबून मला विचारले, “सर, आपल्या लॅबमध्ये आहे तेच ना हे? रोज दोन थेंब घेतले तर चालतील का? कमी मात्रेत काही होत नाही म्हणतात.”

मी पदार्थविज्ञान शिकवितो, वैद्यक नव्हे. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगणे माझे काम नाही. परंतु ‘कमी मात्रा’ हा शब्द कानी पडला की मोजमापे शिकविणाऱ्या माणसाचे कान टवकारले जातात. कमी म्हणजे किती? कशाच्या मानाने कमी? कोणाच्या शरीरात कमी? आकडा आणि एकक यांवाचून ‘कमी’ हा शब्द उत्तरपत्रिकेत कोणी लिहिला तर मी त्याला गुण देत नाही. मग पोटात घ्यावयाच्या गोष्टीबाबत तो चालवून का घ्यावा?

माझे मत आधीच सांगून टाकतो. मिथिलीन ब्ल्यू ही भोंदूगिरी नाही, ते खरेखुरे औषध आहे, आणि नेमकी हीच त्यातली काळजीची बाब आहे. ज्यात काही ताकदच नाही ते थोडे घेतले काय आणि जास्त घेतले काय, सारखेच. ज्यात ताकद आहे ते मात्र मोजून, विचारून आणि तपासूनच घ्यावे लागते.

कापडाचा रंग औषधाच्या कपाटात

मिथिलीन ब्ल्यू १८७६ साली हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनविले, ते कापड रंगविण्यासाठी. दगडी कोळशाच्या डांबरापासून नवनवे रंग काढण्याचा तो काळ होता. थोड्याच वर्षांत जीवशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की हा रंग सर्व ऊतींना सारखा चिकटत नाही, काहींना अधिक पसंत करतो. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचे जंतू दाखविले तेव्हा त्याच्या रंगकामात मिथिलीन ब्ल्यू होते. पॉल अर्लिख याने तर एक पाऊल पुढे टाकले. रंग जर जंतूला निवडून चिकटतो, तर तो जंतूला निवडून मारणार नाही काय, असा विचार त्याने केला, आणि १८९१ मध्ये बर्लिन येथे गुटमान या सहकाऱ्याबरोबर हिवतापाच्या दोन रोग्यांना मिथिलीन ब्ल्यू दिले. दोघेही सुधारले. कारखान्यात संपूर्णपणे कृत्रिम रीतीने बनविलेला पदार्थ माणसाच्या रोगावर औषध म्हणून वापरल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

या रेणूत असे आहे तरी काय? ते समजण्यासाठी एक सुंदर प्रयोग आहे. काही शाळांतून तो ‘निळी बाटली’ या नावाने करून दाखविला जातो. पाण्यात कॉस्टिक सोडा आणि ग्लुकोज विरघळवून त्यात मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणाचे काही थेंब टाकावयाचे. (कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनीच हातमोजे घालून करावा.) बाटली स्वस्थ ठेवली की निळा रंग हळूहळू जातो आणि द्रव पाण्यासारखा नितळ होतो. बूच लावून बाटली खडखडून हलविली की पुन्हा निळा! पुन्हा ठेवा, पुन्हा रंग जातो. मुले थक्क होतात.

येथे घडते ते असे. ग्लुकोज या रेणूला दोन इलेक्ट्रॉन देते. हायड्रोजनचा एक आयन त्याला जोडला जातो आणि रेणू रंगहीन होतो. बाटली हलविताच हवेतील ऑक्सिजन द्रवात मिसळतो, ते इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि रंग परत येतो. म्हणजे मिथिलीन ब्ल्यू हा इलेक्ट्रॉनांचा हमाल आहे. एकाकडून घ्यावे, दुसऱ्याकडे पोहोचवावे, आणि रिकाम्या हाताने पुन्हा पहिल्याकडे यावे. घेण्याची आणि देण्याची ओढ जवळजवळ समतोल असल्यामुळे तो ही ये-जा कितीही वेळा करू शकतो.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत, तंतुकणिकांच्या आत, अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांची अशीच हातोहात ने-आण अखंड चाललेली असते. अखेरीस ते ऑक्सिजनकडे जातात आणि वाटेत पेशीला ऊर्जा मिळते. मिथिलीन ब्ल्यू या साखळीत शिरून मधले काही टप्पे ओलांडून इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवू शकते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. मेंदू हा ऊर्जेचा मोठा गिऱ्हाईक. तेव्हा त्याची ऊर्जा वाढली तर स्मरणही वाढेल, असा हा तर्क आहे. तर्क चांगला आहे. पण चांगला तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते, तिकडे आपण वळूच. त्याआधी या हमालाने जिथे नि:संशय काम केले ती गोष्ट पाहू.

केंटकीची निळी माणसे

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात ट्रबलसम क्रीक नावाचा ओढा आहे. १८२० च्या सुमारास तेथे मार्टिन फुगेट नावाचा माणूस येऊन राहिला. त्याच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसे निळसर कातडीची निपजू लागली. ओठ जांभळे, नखे निळी, बाकी प्रकृती ठणठणीत! वस्ती आडवळणी, लग्ने जवळच्या जवळ, त्यामुळे आईबापांत दडलेला एकच दोष मुलात दुहेरी होऊन प्रकट होई.

१९६० नंतरच्या दशकात मॅडिसन कॉवाइन या रक्तविकारतज्ज्ञाने त्यांचा शोध घेतला. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. ते एक इलेक्ट्रॉन गमावून बसले की ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्यास निरुपयोगी ठरते. त्याला मेथेमोग्लोबिन म्हणतात. असे थोडेसे प्रत्येकाच्या रक्तात रोज तयार होते आणि एक विकर गमावलेला इलेक्ट्रॉन परत देऊन ते दुरुस्त करते. या कुटुंबात ते विकरच उणे होते. कॉवाइनने शिरेतून १०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्ल्यू टोचले. निळ्या माणसाला निळे औषध! आणि काही मिनिटांतच त्यांची कातडी गुलाबी झाली. हमालाने दुसऱ्या एका विकराकडून इलेक्ट्रॉन उचलून लोहापर्यंत पोहोचविले होते. औषध लघवीवाटे निघून जाई, म्हणून पुढे त्यांना रोज घेण्यासाठी गोळ्या देण्यात आल्या.

आजही हा विकार जडला, मग तो जन्मजात असो, नायट्रेटयुक्त विहिरीचे पाणी तान्ह्या मुलाच्या पोटात गेल्याने असो, की ॲनिलीन, नायट्रोबेंझीन यांसारख्या रसायनांच्या विषबाधेने असो, तर त्यावरचे प्रमुख औषध हेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. मात्रा ठरलेली आहे. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश.

आता मित्रांनो, यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. ही मात्रा ७ मिलिग्रॅमच्या पलीकडे गेली की हेच मिथिलीन ब्ल्यू हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रॉन उलट काढून घेऊ लागते, आणि ज्या विकारावर ते औषध तोच विकार स्वतः निर्माण करते! हमाल तोच, माल तोच. पण हमालांची गर्दी एवढी झाली की देणाऱ्याकडे द्यायला पुरेसे इलेक्ट्रॉन उरत नाहीत, आणि मग ते जिथून मिळतील तिथून उचलू लागतात. औषध आणि विष यांत येथे फरक फक्त काही पटींचा आहे. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला ७ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ४२० मिलिग्रॅम होतात. अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पूड!

आणि काही जणांना तर ठरलेली मात्राही चालत नाही. रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे एक विकर असते. हमालाला इलेक्ट्रॉन पुरविणारी यंत्रणा त्याच्यावर अवलंबून असते. ते जन्मतःच कमी असले तर मिथिलीन ब्ल्यू उपयोगी तर पडत नाहीच, उलट रक्तपेशी फुटू लागतात. ही उणीव मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते, आणि आपल्याकडे पारशी समाजात व काही आदिवासी जमातींत तिचे प्रमाण लक्षणीय आहे. हिवतापावर प्रिमाक्वीन देण्याआधी डॉक्टर याचीच चौकशी करतात. ज्याच्यात ही उणीव आहे त्याला एरवी काहीच जाणवत नाही. तो तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेला, धावण्याच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगाही असू शकतो.

स्मरणाचे काय?

टेक्सास राज्यातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २२ ते ६२ वर्षे वयाच्या २६ निरोगी माणसांपैकी काहींना २८० मिलिग्रॅम मिथिलीन ब्ल्यू एकदाच तोंडावाटे दिले, इतरांना नुसती बतावणीची कॅप्सूल. औषध मिळालेल्यांची स्मरणाच्या चाचणीतील बरोबर उत्तरे ७ टक्क्यांनी वाढली, आणि मेंदूच्या चित्रणातही काही भाग अधिक कार्यरत दिसले. स्मरणशक्तीच्या कॅप्सूलची शिफारस करणारे याच अभ्यासाकडे बोट दाखवितात.

अभ्यास प्रामाणिक आहे. परंतु त्याचे माप पाहा. २६ माणसे म्हणजे तुमच्या वर्गाच्या निम्मी. मात्रा एकदाच दिलेली, रोज वर्षभर नव्हे. आणि ती २८० मिलिग्रॅम, जी अशा अभ्यासांत ‘कमी मात्रा’च गणली जाते. बाजारात ज्याला कमी मात्रा म्हणतात त्या १० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या ही अठ्ठावीस पट! दोन्हींना ‘कमी’ हाच शब्द. एका आकड्यावर मिळालेला पुरावा दुसऱ्या आकड्यासाठी वापरणे म्हणजे २८ न्यूटन बलाने दार उघडले, तेव्हा १ न्यूटननेही ते उघडेलच असे म्हणण्यासारखे आहे. उलट बाजूने, तेच २८० मिलिग्रॅम ४० किलोग्रॅम वजनाच्या नववीतल्या मुलाने घेतले तर हिशेब बरोबर ७ मिलिग्रॅम दर किलोग्रॅमवर येतो. तोंडावाटे घेतलेले सगळेच रक्तात उतरत नाही हे खरे, पण त्या भरवशावर कोणी राहावे असे मला वाटत नाही.

स्मरण ‘वाढणे’ नेहमी चांगलेच असेल, असेही नाही. २०१४ मध्ये टेक्सासातच ४२ माणसांवर एक प्रयोग झाला. बंदिस्त जागेची भीती असलेल्या या माणसांना भीती मोडण्याचा सराव देऊन लगेच काहींना २६० मिलिग्रॅम मिथिलीन ब्ल्यू देण्यात आले. सरावात ज्यांची भीती बरीच ओसरली होती त्यांना महिन्यानंतर औषधाचा फायदा दिसला. ज्यांची भीती सरावानंतरही टिकून होती त्यांची स्थिती मात्र औषधाने अधिक वाईट झाली. जे मनात होते तेच पक्के झाले, मग ते धैर्य असो वा भय! परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरून बसलेल्या विद्यार्थ्याने याचा विचार करावा.

सर्वांत मोठी कसोटी झाली ती अल्झायमरच्या रोगावर. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील संशोधकांनी मिथिलीन ब्ल्यूचेच एक रूप या रोगावर आजमाविले. २००८ मध्ये आरंभीच्या निष्कर्षांनी मोठी आशा निर्माण केली होती. मग ८९१ रोग्यांवर पंधरा महिने मोठी चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. दिवसातून दोनदा ७५ किंवा १२५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत आणि तुलनेच्या गटात मुख्य कसोट्यांवर काही फरक आढळला नाही.

या चाचणीतील एक बारकावा मला फार आवडतो, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर सांगावा. मिथिलीन ब्ल्यू घेतले की लघवी हिरवी-निळी होते. मग रोग्याला कळणारच की आपल्याला खरे औषध मिळाले! आणि कळले की मन आपोआप सुधारणा शोधू लागते. म्हणून तुलनेच्या गटाला साखरेची गोळी न देता त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली गेली, केवळ लघवीला रंग यावा म्हणून. म्हणजे खुद्द संशोधकांनी सुरुवातीला ४ मिलिग्रॅम ही मात्रा ‘रंगापुरती’ धरली होती. पुढे त्याच संशोधकांना वाटू लागले की ही लहान मात्राही काही काम करीत असावी, म्हणून आणखी एक चाचणी झाली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निकालातही मुख्य कसोट्यांवर तुलनेच्या गटापासून स्पष्ट फरक निघाला नाही. वाद अजून चालू आहे, आणि तो चालू राहणे योग्यच आहे.

पण यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. “मी कॅप्सूल घेतो आणि मला डोके स्वच्छ वाटते,” असे कोणी सांगितले तर तो खोटे बोलतो असे नाही. परंतु रोज सकाळी ज्याची लघवी निळी होऊन ‘औषध आत गेले’ अशी वर्दी देते, त्याच्या अनुभवाला पुरावा म्हणता येत नाही. या औषधाइतके स्वतःची जाहिरात करणारे औषध क्वचितच असेल.

हौदाच्या दोन मोऱ्या

आता ज्या धोक्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते त्याकडे येतो. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी फार लहान असतात. शस्त्रक्रियेत त्या सापडाव्यात म्हणून शल्यविशारद शिरेतून मिथिलीन ब्ल्यू देत असत, म्हणजे ग्रंथी रंगून दिसत. काही रोगी मात्र शस्त्रक्रियेनंतर भ्रमिष्टासारखे वागू लागले. ताप, घाम, थरथर, ताठलेले स्नायू. असे का, हे आधी कळेना. मग दिसून आले की त्यांपैकी बहुतेक जण नैराश्यावरची औषधे घेत होते.

मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक रसायन निरोप पोहोचविण्याचे काम करते. त्याला हौदातील पाणी समजा. काम झाले की ते बाहेर जाण्यास दोन मोऱ्या आहेत. एका वाटेने चेतापेशी ते परत ओढून घेतात, दुसऱ्या वाटेने मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचे तुकडे करते. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे पहिल्या मोरीला बोळा घालतात. ते डॉक्टरांनी हेतुपूर्वक केलेले असते आणि दुसरी मोरी उघडी असल्याने चालते. मिथिलीन ब्ल्यू दुसरी मोरी बंद करते, आणि तेही अतिशय विरळ असतानाच. दोन्ही बंद झाल्या की हौद भरून वाहू लागतो. ही अवस्था प्राणघातकही ठरू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि २०१६ मध्ये मेथेमोग्लोबिनेमियासाठी शिरेतून द्यावयाच्या मिथिलीन ब्ल्यूला मान्यता दिली तेव्हा हाच इशारा माहितीपत्रकावर चौकटीत घातला. स्मरणशक्तीसाठी त्या प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. तेथील डॉक्टर कॅप्सूल लिहून देतात ती मान्य उपयोगाबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर.

इशाऱ्यामागची बहुतेक प्रकरणे शिरेतून १ ते ८ मिलिग्रॅम दर किलोग्रॅम दिल्यानंतरची होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तोंडावाटे घेतलेल्या लहान कॅप्सूलने धोका किती कमी होतो याची रेषा कोणी आखून दिलेली नाही. पण जेथे रेषा आखलेली नाही तेथे आपण सुरक्षित बाजूलाच उभे आहोत असे कोणत्या आधारावर म्हणावे? शिवाय नैराश्याचीच औषधे नव्हेत, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि खोकल्याच्या कित्येक औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन, हीसुद्धा याच हौदाशी संबंधित आहेत. खोकल्याचे औषध कोणी ‘औषध’ म्हणून मोजते का?

थेंब, चिमूट आणि तराजू

माझ्या विद्यार्थ्याच्या ‘दोन थेंबां’कडे वळू. १ टक्का द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम पदार्थ असतो. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. पण बाटली ५ टक्क्यांची असेल तर थेंब तेवढाच, पदार्थ पाचपट. ड्रॉपरचे तोंड रुंद असेल तर थेंबही मोठा. पूड घेऊन घरच्या घरी कॅप्सूल भरणाऱ्यांचे तर विचारूच नका. स्वयंपाकघरातील काट्याचे लघुतम माप, ज्याला आपण वर्गात लीस्ट काउंट म्हणतो, ते बहुधा १ ग्रॅम असते. म्हणजे १० मिलिग्रॅमच्या शंभर मात्रा त्या काट्याला एकच दिसतात! ज्या पट्टीवर फक्त सेंटिमीटरच्या खुणा आहेत तिने केसाची जाडी मोजायला निघाल्यासारखेच हे झाले.

आणि बाटलीत जे आहे ते औषध नसतेच. प्रयोगशाळेतील रंग हा पेशी रंगविण्यासाठी शुद्ध असतो, पोटात घेण्यासाठी नव्हे. त्यात त्याच कुळातले दुसरे रंग मिसळलेले असतात, जड धातूंचे अंश असू शकतात. कापडासाठी तर हा रंग जस्ताच्या क्षारासह जोडून बनवीत. माशांच्या टाकीत टाकण्यासाठी जो मिळतो तोही मासे डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. औषधी प्रतीच्या मालाला या सर्व भेसळींच्या मर्यादा घालून दिलेल्या असतात आणि त्या तपासल्या जातात. नाव एक असले म्हणून पदार्थ एक होत नाही. तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे की फडताळातील बाटलीवर ‘पोटात घेण्यासाठी नाही’ अशी दुसरी चिठ्ठी आजच लावावी. बाटली कुलपात ठेवता आली तर अधिक चांगले.

आता, एखाद्या प्रौढ माणसाला डॉक्टरांनी विचारपूर्वक अशी कॅप्सूल लिहून दिलीच आहे, असे समजा. तुमच्यापैकी कोणाचे काका किंवा आत्या परदेशी असतील, त्यांच्या बाबतीत हे घडूही शकते. त्यांनी ती फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. मात्र लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी जी-सिक्स-पी-डीची तपासणी करविली का, मूत्रपिंड व यकृत कसे आहे ते पाहिले का, आणि घरातली झाडून सगळी औषधे, अगदी खोकल्याच्या बाटलीसकट, त्यांच्यापुढे ठेवली गेली का, हे विचारावे. नैराश्याची औषधे चालू असतील तर कॅप्सूलसाठी ती आपल्या मनाने बंद करणे हा दुसरा अनर्थ आहे. फ्लुओक्झेटिनसारख्याचा परिणाम शरीरातून उतरण्यास पाच-पाच आठवडे लागतात, आणि औषध एकाएकी सोडल्याने मूळचा आजार उसळतो तो वेगळाच. गरोदर स्त्रियांनी हा रंग घेऊ नये, गर्भाला इजा झाल्याचे दाखले आहेत. एखाद्या दिवशी कॅप्सूल राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गुण येत नाही म्हणून आपणच मात्रा वाढवू नये, कारण या औषधाच्या आलेखाची रेषा वर चढून पुन्हा खाली येणारी आहे. प्राण्यांवरील प्रयोगांतही लहान मात्रेने सुधारलेले स्मरण मोठ्या मात्रेने बिघडलेले दिसते. लघवी निळी झाली तर घाबरू नये. पण ओठ निळे पडले, श्वास लागला, लघवी कोकमाच्या सारासारखी गडद झाली, किंवा ताप, थरथर आणि गोंधळलेपणा एकत्र दिसला, तर तडक रुग्णालय गाठावे आणि कॅप्सूलची डबी बरोबर न्यावी.

विद्यार्थ्यांसाठी मात्र माझे उत्तर सरळ ‘नको’ असे आहे. निरोगी किशोरवयीन मुलांनी हा रंग रोज घेतल्याने अभ्यास सुधारतो असे दाखविणारा पुरावा नाही, आणि त्यांच्या वाढत्या मेंदूत तो वर्षानुवर्षे काय करील हे कोणी तपासलेले नाही. पहाटे उठून स्वतःच्या शब्दांत टिपणे काढणारा मुलगा आणि रात्रभर जागून सकाळी निळी जीभ घेऊन परीक्षेला बसणारा मुलगा यांत मी पैज कोणावर लावीन हे सांगण्याची गरज नाही.

जाता जाता पदार्थविज्ञानाची एक गोष्ट, कारण ती रोग्याच्याही उपयोगाची आहे. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, घरोघरी बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आला. तो बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवितो, एक तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. दोन्ही किती शोषले गेले त्यावरून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज तो बांधतो. मिथिलीन ब्ल्यू निळे दिसते ते तांबडा प्रकाश शोषून घेते म्हणून, आणि सर्वांत अधिक शोषते ते नेमके ६६० नॅनोमीटरच्याच आसपास. त्यामुळे ते शिरेतून दिले की माणसाचा ऑक्सिजन पुरेसा असूनही यंत्र काही मिनिटे घसरलेला आकडा दाखविते. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असते. पण रोगी रोज निळी कॅप्सूल घेतो हे मात्र त्यांना कोणी सांगितल्यावाचून कळणार नाही. भूल देण्यासाठी ते जी औषधे वापरतात त्यांतली काही त्या दोन मोऱ्यांच्या हौदाशी संबंधित असतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले जाते तेव्हा रक्तदाबाच्या गोळीबरोबर या कॅप्सूलचे नाव आणि तिच्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा, दोन्ही सांगावेत.